लाकडी कॅमेरा आणि हरवलेला चित्रपट



शाळेच्या वार्तापत्रात सिनेमावर लेख पाहून काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल, याची मला कल्पना आहे. मुलांना घरी टीव्ही बंद करायला सांगायचे आणि इकडे मुख्याध्यापक सिनेमाच्या गोष्टी सांगत बसणार! परंतु ज्या माणसाविषयी आज लिहायचे आहे त्याने सिनेमा नुसता काढला नाही. सिनेमा काढण्याचे यंत्रच आधी आपल्या हातांनी घडवले, आणि पुढे त्याच हातांनी कर्जात बुडालेल्या एका गरीब शेतकऱ्याची गोष्ट पडद्यावर आणली. हे सर्व काही फार दूर घडलेले नाही. रामनगरहून बेळगाव, पुढे निपाणी आणि त्यापुढे कोल्हापूर. त्या कोल्हापुरात हे घडले.

त्यांचे नाव बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०. मेस्त्री घराणे कारागिरांचे. लाकूड, धातू आणि रंग हाताळण्याचे शिक्षण त्यांना घरातच मिळाले. कोणत्याही कलाशाळेत ते गेले नाहीत. चुलतभाऊ आनंदराव हे त्यांचे जोडीदार. संगीत नाटकांचा तो भरभराटीचा काळ होता, आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात कलावंतांना, मल्लांना, गवयांना मान होता. साधारण १९१० पासून हे दोघे भाऊ नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवू लागले. राजवाडा, अरण्य, रस्ता, नदीकाठ असे भलेमोठे पडदे. सपाट कापडावर रंग असे भरायचे की मागच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही वाटावे, रस्ता खरोखरच लांबवर गेला आहे. या कामात त्यांचे नाव इतके झाले की मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि लोक 'बाबूराव पेंटर' म्हणू लागले. पुढे महाराष्ट्राने त्यांना 'कलामहर्षी' म्हटले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. तो पाहून या दोन भावांना सिनेमाने झपाटले. मुंबईच्या चोरबाजारातून त्यांनी एक जुने प्रोजेक्टर विकत आणले. आता सिनेमा दाखवता येत होता, पण काढायचा कसा? कॅमेरा परदेशातून मागवावा लागे, त्याला पैसा हवा, आणि तो या दोघांजवळ नव्हता. तेव्हा त्यांनी ठरवले की कॅमेरा आपणच तयार करायचा.

हे वाक्य लिहायला सोपे आहे. त्यात काय काय आले ते आठवी-नववीच्या मुलांनी नीट समजून घ्यावे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो.

चित्रपटात वास्तविक एकही चित्र हलत नाही. लांब पारदर्शक फितीवर एकापाठोपाठ एक स्थिर छायाचित्रे असतात आणि ती भराभर डोळ्यांसमोरून गेली की आपल्याला हालचालीचा भास होतो. मूकपटाच्या काळात सेकंदाला साधारण सोळा चित्रे घेत. ३५ मिलिमीटर रुंदीच्या फितीवर एका फुटात बरोबर सोळा चित्रे बसतात, म्हणजे दर सेकंदाला एक फूट फीत खर्च! (एका तासाच्या चित्रपटाला किती फूट फीत लागेल, याचे उत्तर सातवीच्या मुलांनी वर्गात सांगावे.)

खरी अडचण पुढेच आहे. फीत जर नळाच्या पाण्यासारखी सरळ वाहत राहिली तर प्रत्येक चित्र ओढल्यासारखे पुसट येईल. ती भिंगासमोर क्षणभर अगदी स्थिर थांबली पाहिजे. तेवढ्यात तिच्यावर उजेड पडला पाहिजे. मग उजेड बंद, आणि अंधारात फीत बरोबर एक घर पुढे. पुन्हा थांबायचे, पुन्हा उजेड. हे सेकंदाला सोळा वेळा! यासाठी फितीच्या दोन्ही कडांना भोके पाडलेली असतात, एका चित्रामागे प्रत्येक बाजूला चार. नखासारखा एक आकडा त्या भोकांत अडकतो, फीत खाली ओढतो, सुटतो आणि पुन्हा वर जातो. त्याच वेळी एक कापलेली चकती भिंगाजवळ फिरून उजेड अडवते. आकडा आणि चकती दोन्ही एकाच हँडलवर, दातेरी चाकांच्या साहाय्याने चालतात. एखादा दाता जरी इकडचा तिकडे झाला तरी पडद्यावरचा राजा थरथरू लागेल. आणि ही सगळी यंत्रणा अशा पेटीत बसवायची की फटीतून उजेडाचा एक किरणही आत शिरता कामा नये.

प्रोजेक्टरमध्ये हेच उलट घडते. कॅमेऱ्यात उजेड बाहेरून आत येतो, प्रोजेक्टरमध्ये आतून बाहेर जातो. म्हणूनच चोरबाजारातले ते जुने यंत्र त्यांचे पाठ्यपुस्तक झाले. मात्र १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले आणि काम अर्धवट राहिले. बाबूरावांनी आपले शिष्य विष्णुपंत दामले यांना हाताशी धरून ते पूर्ण केले, तेव्हा १९१८ साल उजाडले होते. बाहेर पहिले महायुद्ध चालू होते, परदेशी मालाची टंचाई होती, आणि कोल्हापुरात सुताराच्या रंध्याने आणि कानशीने घडवलेला कॅमेरा चालू झाला होता.

'महाराष्ट्र फिल्म कंपनी' उभी राहिली. तिला पैशाची मदत करणाऱ्यांत तानीबाई कागलकर या गायिका होत्या, हे मुद्दाम सांगतो. कारण अशी नावे पुस्तकांत कोपऱ्यात जातात. बाबूरावांना स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांकडूनच करून घ्यायच्या होत्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषाने केली होती. त्याच साली त्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण बहुतेक घरांना सिनेमात काम करणे हे लाजिरवाणे वाटत होते. बाबूरावांना गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघी मिळाल्या. समाजाचा रोष इतका होता की त्यांना कंपनीच्या आवारातच राहावे लागले.

त्यांना घेऊन केलेला 'सैरंध्री' ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की सेन्सॉरची कात्री त्यावर चालली!

मला सर्वात नवल वाटते ते पुढच्या गोष्टीचे. पडदे रंगवून ज्याने नाव कमावले त्याने सिनेमात आल्यावर रंगवलेले पडदेच काढून टाकले. कॅमेऱ्याला पडद्याचे खोटेपण दिसते, हे त्यांच्या लक्षात आले. त्यांनी खांब, कमानी, पायऱ्या खरोखरच उभ्या केल्या. पात्रांच्या वेशभूषेची आणि हालचालींची रेखाटने आधी काढून ठेवायची त्यांची पद्धत होती. 'सिंहगड' (१९२३) या चित्रपटात त्यांनी रात्रीच्या प्रसंगासाठी विजेच्या दिव्यांचा उजेड वापरला. तोवर आपल्याकडे सारे चित्रण उन्हातच होत असे. जाहिरातीची पोस्टरेही स्वतः रंगवली. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे त्यांचे पोस्टर आज शिल्लक असलेल्या जुन्यात जुन्या भारतीय पोस्टरांत गणले जाते.

आता त्या चित्रपटाकडे येतो ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

१९२५ साली बाबूरावांनी 'सावकारी पाश' काढला. कथा नारायण हरी आपटे यांची. ('सिंहगड' ज्यांच्या कादंबरीवरून केला ते हरी नारायण आपटे. नावे उलटसुलट आहेत, परीक्षेत घोळ करू नये.) तोपर्यंत पडद्यावर देव, राक्षस, राजे आणि सेनापती दिसत. या चित्रपटात एक साधा शेतकरी होता. सावकाराच्या कर्जात त्याची जमीन जाते, तो गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत कामगार होतो. एवढीच गोष्ट. त्या शेतकऱ्याचे काम केले होते कंपनीतल्या एका तरुणाने, ज्याला आज सारा देश व्ही. शांताराम म्हणून ओळखतो.

सावकार म्हणजे काय, हे आपल्या भागातील वडीलधाऱ्यांना वेगळे सांगायला नको. पेरणीच्या वेळी उचललेले भात मळणीला सवाई-दिढीने फेडायचे, कागदावर काय लिहिले ते न वाचता अंगठा उठवायचा. घाटावरही हेच होते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकरी सावकारांविरुद्ध उठले. (नाव आपल्या सुप्यासारखे असले तरी ते गाव वेगळे.) त्यांनी दुकाने लुटली आणि कर्जखते, वह्या जाळल्या. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पसरले, आणि १८७९ साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पण कर्ज काही संपले नाही. बाबूरावांनी चित्रपट केला तेव्हा प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांच्या घरात ते कागद असतील.

आणि तरीही चित्रपट चालला नाही! चमत्कार आणि लढाया पाहण्याची सवय झालेल्या लोकांना पैसे देऊन आपलेच दुःख पाहणे नको होते, असे म्हणावे लागते. बाबूराव पुन्हा पौराणिक आणि ऐतिहासिक विषयांकडे वळले. मात्र गोष्ट त्यांच्या मनातून गेली नसावी, कारण १९३६ साली त्यांनी तोच 'सावकारी पाश' बोलपट म्हणून पुन्हा काढला.

माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाल्याने मी हिंदी चित्रपट अधिक पाहिले. त्यांत बिमल रॉय यांचा 'दो बिघा जमीन' आहे, १९५३ सालचा. त्यातला शंभू जमीन वाचवण्यासाठी कलकत्त्याला जाऊन रिक्षा ओढतो. जगभर त्याची वाहवा झाली, आणि ती योग्यच होती. पण कर्जापायी शेतकरी शहरात जाऊन मजूर होतो ही गोष्ट त्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी कोल्हापूरच्या कंपनीने पडद्यावर आणली होती, हे किती जणांना माहीत आहे?

इथे परदेशातले एक उदाहरण घेतो, कारण त्यात एक शाळा आहे. स्पेन देशात लुई बुन्युएल नावाचे मोठे दिग्दर्शक होऊन गेले. जन्म १९०० सालचा, म्हणजे बाबूरावांपेक्षा दहा वर्षांनी लहान. १९३३ साली त्यांनी 'लास उर्देस' या डोंगराळ आणि अत्यंत गरीब मुलखावर सुमारे अर्ध्या तासाचा माहितीपट काढला. 'भाकरीविना भूमी' असा त्याच्या नावाचा अर्थ. पैसा कुणी दिला? रामोन आसीन या त्यांच्या मित्राने, जो चित्रकला शिकवणारा शिक्षक होता आणि ज्याला लॉटरी लागली होती. चित्रपटात एका शाळेचा प्रसंग आहे. मुले अनवाणी, भुकेली. त्यांना त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज शिकवली जात आहे. एक मुलगा फळ्यावर सुविचार लिहितो, दुसऱ्याच्या मालमत्तेचा आदर करा, अशा अर्थाचा. ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्याकडून हे लिहून घेतात! फळ्यावर रोज सुविचार लिहायला लावणाऱ्या माझ्यासारख्याला हा प्रसंग बोचतो.

बुन्युएल यांनी सर्व काही जसेच्या तसे टिपले असे मात्र नाही. कड्यावरून पडणारी बकरी त्यांनी बंदूक झाडून पाडली होती. चौकटीच्या कडेला धूर दिसतो. तिथल्या लोकांना तो चित्रपट आपली बदनामी वाटला, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. डोंगरातल्या गरिबांचे चित्र बाहेरचा माणूस काढतो तेव्हा असे होते. आपल्या जोयड्याच्या कुणबी पाड्यांचे फोटो काढणारे पाहुणेही झोपडी आणि डोक्यावरचा भारा तेवढा टिपून जातात. बाबूरावांचे तसे नव्हते. ते त्याच मातीतले होते आणि त्यांनी गोष्ट ही गोष्ट म्हणूनच सांगितली.

परंतु दैव पाहा. बुन्युएल यांच्या चित्रपटावर स्पेनच्या सरकारने बंदी घातली, पुढे यादवी युद्ध झाले, पैसे देणारे आसीन १९३६ साली मारले गेले. तरी त्या फिती टिकल्या आणि तो चित्रपट आजही पाहता येतो. 'सावकारी पाश'वर कुणी बंदी घातली नव्हती. पण १९२५ चा तो मूकपट आज पाहायला मिळत नाही.

असे का झाले? कारण रसायनशास्त्रात आहे. त्या काळची फीत सेल्युलोज नायट्रेटची असे. हा पदार्थ बंदुकीच्या दारूसाठी वापरतात त्या गन कॉटनचा भाऊबंद. ठिणगी पडली की भडकतो आणि एकदा पेटला की पाण्याखालीही जळत राहतो. आग लागली नाही तरी उष्ण आणि दमट हवेत तो हळूहळू सडतो. आधी चित्र पिवळे पडते, मग फीत चिकट होते, तिचा गोळा होतो आणि शेवटी तपकिरी भुगा. शिवाय फितीवरच्या थरात चांदी असते. चित्रपट थिएटरातून उतरला की त्या फितीला कुणी विचारत नसे, तेव्हा चांदी काढण्यासाठी ती विकून टाकत. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट झाले असे मानतात. त्यांपैकी पुरे किंवा अपुरे मिळून तीसेकच उरले आहेत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन झाले, तोवर बहुतेक सगळे गेले होते. आणि जे जमवले तेही सुरक्षित राहिलेच असे नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातच नायट्रेट फितींच्या कोठाराला आग लागली. बाबूरावांच्या मूकपटांपैकी 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री' (दोन्ही १९२७) यांचे भाग वाचले आहेत. 'सैरंध्री' नाही. 'सावकारी पाश' नाही.

मग त्याविषयी आपल्याला कळते कसे? जुन्या फोटोंवरून, जाहिरातींवरून आणि पाहिलेल्यांनी सांगून ठेवले त्यावरून. कंपनी चित्रपटाबरोबर माहितीपुस्तिका छापत असे, तीही उपयोगी पडते. एखाद्या बुडालेल्या घराचा जोत्याच्या दगडांवरून अंदाज बांधावा, तसे हे आहे.

पुढची हकीकत थोडक्यात. १९२९ साली दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे बाबूरावांच्या हाताखाली तयार झालेले चौघे बाहेर पडले आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासह त्यांनी 'प्रभात' ही कंपनी काढली. त्या प्रभातचा 'अयोध्येचा राजा' (१९३२) हा मराठी बोलपट आणि व्हेनिसमध्ये गौरवलेला 'संत तुकाराम' (१९३६) घरोघरी ठाऊक आहेत. प्रभात १९३३ साली पुण्याला गेली. तिच्याच जागेत १९६० साली सरकारची चित्रपट शिक्षणसंस्था सुरू झाली. गुरूची कंपनी मात्र शिष्य गेल्यावर फार काळ तगली नाही. बाबूरावांनी त्यानंतरही काही बोलपट केले, पण अधिक रमले ते चित्रकलेत आणि शिल्पात. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

आता मुलांसाठी एक काम. १९८७ साली धरण पूर्ण झाले आणि आपले जुने सुपा काळी नदीच्या पाण्याखाली गेले. तिथली पेठ, रस्ते, घरे, देवळे ज्यांनी पाहिली ती मंडळी रामनगरात आणि आसपास आहेत, पण आता वयस्कर झाली आहेत. आजी-आजोबांच्या पेटीत त्या वेळचा एखादा फोटो, लग्नपत्रिका, शाळेचा दाखला असेल तर विचारून पाहा. मूळ वस्तू शाळेत आणू नका. घरीच मोबाईलने दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता त्याचे छायाचित्र काढा आणि ते आपल्या वर्गशिक्षकांकडे द्या. जुना फोटो लॅमिनेट करू नये, त्याला चिकटपट्टी लावू नये, चुलीजवळच्या फळीवर किंवा गळक्या कोपऱ्यात ठेवू नये. कोण, कुठे, कोणत्या साली, हे आजोबांना विचारून फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. शाईच्या किंवा बॉलपेनने लिहू नका, ते पुढच्या बाजूला उमटते.